फाटकाजवळचा वड

"आणि हे आंब्याचं झाड कुठून आणलंत?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तो आंबा नव्हता, वड होता. निदान कॉम्प्युटरवरच्या झाडांच्या ज्या तयार संचातून मी तो उचलला होता तिथे त्याच्याखाली 'फायकस' असं, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीचं शास्त्रीय नाव, लिहिलेलं होतं.

२०२४ चा मार्च. बडोद्यात दांडिया बाजाराच्या आतल्या अंगाला एक जुनी वाडावजा सोसायटी आहे, चौदा बिऱ्हाडांची, त्यातली अकरा मराठी. तिचा पुनर्विकास व्हायचा होता. आर्किटेक्टने एक गोष्ट आधीच पक्की केली होती: चौकातला कडुनिंब आणि फाटकाजवळचा वड हलवायचे नाहीत, इमारतच त्यांना वळसा घालून बसवायची. माझ्याकडे काम होतं चित्रांचं. नवी इमारत कशी दिसेल ते सभासदांना दाखवायचं, म्हणजे सह्या पटापट होतील. इमारत सगळ्यांना आवडली. पण चर्चा सुरू झाली झाडावर आणि संपली पण झाडावरच. अण्णा म्हणून सोसायटीचे सर्वांत ज्येष्ठ सभासद आहेत, ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेले, मागे आले आणि म्हणाले, "वड राखणार म्हणता आणि चित्रात दुसरंच झाड दाखवता. मग राखणार ते कुठलं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी गेली अठरा वर्षं हेच करते आहे. नकाशावरून इमारत कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यावर ऊन पाडायचं आणि बिल्डरच्या ब्रोशरला शोभेल असं चित्र काढून द्यायचं. या धंद्यात झाड म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर. रात्री अकरा वाजता, काम द्यायच्या आदल्या दिवशी, इमारतीचा एखादा बोडका कोपरा झाकायला टाकायची वस्तू. तयार संचांत मॅपल, बर्च, ओक रग्गड मिळतात. वासणा रोडच्या किती तरी स्कीमांसमोर मी बर्चची पांढरी खोडं उभी केली आहेत आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने हूं की चूं केलं नाही. फ्लॅट घेणारा माणूस झाड बघत नाही, कार्पेट एरिया बघतो. इथे मात्र समोर बसलेल्या बायका त्या झाडाला चाळीस-चाळीस वर्षं दोरा गुंडाळत आल्या होत्या. त्यांना वड पाठ होता.

आर्किटेक्ट म्हणाले, दिवाळीनंतर दुसरी सभा घेऊ. तोवर झाडांचं काही तरी बघा.

'काही तरी बघा' म्हणजे सॉफ्टवेअर शोधा, असं मी धरलं. आणि शोधण्यातच अडीच महिने गेले. माझा भाचा गेम बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये आहे, त्याने फोनवरच निकाल दिला. "मावशी, स्पीडट्री. बाकी सगळं विसर." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गेममधली आणि सिनेमातली किती तरी जंगलं यावरच उगवतात. २०१५ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीने त्याला तांत्रिक पुरस्कार दिला आणि २०२१ मध्ये युनिटी कंपनीने ते विकत घेतलं. मी त्याची प्रात्यक्षिकं बघितली, थक्क झाले. पण ते भाड्याने घ्यायचं सॉफ्टवेअर, आणि मला जन्मात दोन झाडं हवी होती. दोन झाडांसाठी दर महिन्याला डॉलर मोजायचे, हे माझ्यातल्या बडोदेकर गृहिणीला झेपेना.

मग प्लांटफॅक्टरी. गंमत अशी की त्याच मे महिन्यात त्याच्या कंपनीने पुढचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि शेवटची आवृत्ती सगळ्यांना फुकट खुली केली. फुकट म्हटल्यावर मी लगेच उतरवून घेतलं. चांगलं आहे, ताकदीचं आहे. एकेक डबा तारेने दुसऱ्याला जोडत जायचं आणि झाड बांधायचं. आठवडाभर त्याच्याशी झटले. पण ज्याचं पुढे काही होणार नाही, ते पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यापासून शिकायचं, हे मनाला पटेना. दुकान बंद होताना स्वस्तात मिळालेली शिलाई मशीन माझ्याकडे एक आहे. तिची सुई आता कुठे मिळत नाही.

तिसरं होतं ग्रोव्ह. हॉलंडचं, ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चालणारं, पैसे देऊन घ्यायचं. त्यात झाड काढायचं नसतं, वाढवायचं असतं. रोप लावा, दहा वर्षं पुढे सरका. फांद्या उजेडाकडे वळतात, सावलीत पडलेल्या मरून गळतात, मधेच छाटणी करा की पुन्हा फुटवे येतात. मी भाच्याला म्हटलं, "मला काय झाड वाढवायचंय का? आहे ते जसंच्या तसं उभं करायचंय." आणि ते बाजूला ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचा हिशेब पुढे झाला.

या शोधाशोधीत एक फायदा झाला. माझी समजूत होती की ही सगळी सॉफ्टवेअरं एकच काम करतात, कुणी बरं, कुणी वाईट. तसं नसतं. झाड म्हणजे काय याबद्दल प्रत्येकाची आपापली समजूत असते आणि ती त्याच्या पोटात पहिल्या दिवसापासून घातलेली असते. त्यातली एक जुनी समजूत लिंडेनमायर नावाच्या हंगेरियन जीवशास्त्रज्ञाची, १९६८ सालची. त्याने शेवाळासारख्या साध्या जिवांची वाढ अक्षरांच्या खेळाने मांडली. मी तो खेळ वर्तमानपत्राच्या कडेला करून पाहिला. नियम दोनच: अ दिसला की त्याच्या जागी अब लिहायचं, ब दिसला की अ. सुरुवात अ. मग अब. मग अबअ. मग अबअअब. पुढची ओळ आठ अक्षरांची झाली. एक, दोन, तीन, पाच, आठ. चहा निवून गेला, पण मी तेरापर्यंत गेले. यात अक्षराऐवजी 'एक टप्पा पुढे जा' आणि 'फांदी फोड' असं धरलं की कागदावर झुडूप उभं राहतं. म्हणजे इथे झाड हा एक नियम आहे, पुन्हा पुन्हा लावलेला.

वेबर आणि पेन या दोघांनी १९९५ मध्ये याच्या उलट टोक धरलं. वाढीचं काय ते वनस्पतिशास्त्रवाले बघतील, आम्हाला झाड कसं दिसतं तेवढं सांगा: उंची किती, खोडाला किती फांद्या, त्या किती अंशांनी बाहेर पडतात, किती वाकतात, एकीनंतर दुसरी किती फिरून येते. आकड्यांचा तक्ता भरा, झाड घ्या. ब्लेंडरमधलं सॅप्लिंग हे जोडसॉफ्टवेअर याच तक्त्यावर चालतं, आणि फुकट आहे. मला दिसण्याशीच मतलब होता. ब्लेंडर थोडंफार येत होतं. ठरलं.

कडुनिंब आधी घेतला, तो सरळमार्गी म्हणून.

सॅप्लिंग वापरणं म्हणजे डाव्या कोपऱ्यात खाली उघडणाऱ्या एका छोट्या पट्टीत आकडे बदलत बसणं. दोन संध्याकाळी घालवून मी निंबाचा डेरा बऱ्यापैकी आणला. शेंडा गोल, फांद्या पसरट, टोकं किंचित खाली. खूश होऊन जमिनीवर क्लिक केलं, तिला मातीचा रंग दिला, फाइल सेव्ह केली आणि झोपले. सकाळी फांद्या थोड्या कमी कराव्यात म्हणून उघडते तर पट्टी नाही. कुठेच नाही. झाड होतं, पण आता ती नुसत्या वाकड्या नळ्यांची मोळी होती, आकडे गेले होते. झाड घातल्या घातल्या दिसणारी ती पट्टी दुसरं काहीही केलं की जाते, आणि आकडे जपायचे तर तिथेच नाव देऊन साठवावे लागतात. हे पहिल्या पानावर लिहिलेलं असणार, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून वहीत आकडे लिहायची सवय लावली. किराणा मालाच्या यादीशेजारी 'खाली कोन ५५, फिरणं १३७.५' असं लिहिलेलं बघून आमच्या ह्यांनी विचारलं होतं, हा कुठल्या डाळीचा भाव?

हा १३७.५ बरीच झाडं वापरतात. एका पानानंतर पुढचं पान साधारण तेवढे अंश फिरून येतं, म्हणजे वरचं पान खालच्याच्या बरोबर डोक्यावर बसत नाही. सगळीच झाडं नाही वापरत, तुळशीची पानं समोरासमोर जोडीने येतात. पण निंबाला आणि वडाला तो आकडा चालून गेला.

निंबाचं पान बघायला मी चौकात ओट्यावर बसले तेव्हा कळलं की ज्याला मी आजवर पान म्हणत होते ते पानच नव्हे. ती पर्णिका. खरं पान म्हणजे ती अख्खी काडी, वीत-दीड वीत लांब, दोन्ही बाजूंना पर्णिकांची रांग असलेली. आणि प्रत्येक पर्णिका देठाशी तिरकी असते, मधल्या शिरेच्या एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला चिंचोळी, कोयरीसारखी. तयार संचांतल्या निंबात ती दोन्ही बाजूंनी सारखी होती, म्हणून तो निंब न दिसता शोभेचं काही तरी दिसायचा. हा तिरकेपणा घातला आणि झाड एकदम कडू झालं. मार्चमध्ये मी फोटो काढले होते तेव्हा पानगळ होऊन तांबूस पालवी आलेली, जूनमध्ये पाहिलं तर हिरवं गच्च. चित्रात कुठला महिना दाखवायचा, हा प्रश्न मला अठरा वर्षांत कधी पडला नव्हता.

तीन आठवड्यांत निंब झाला. मला वाटलं, वड अजून तीन.

वडाने सगळा तक्ताच उधळून लावला. आकडे कसेही बदला, मिळायचं ते आंब्याचंच झाड. काकूंची नजर किती पक्की होती ते तेव्हा कळलं. एक खोड, त्यातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या, हा सॅप्लिंगचा क्रम. जमिनीतून सुरू, आकाशात शेवट. वडात तो क्रम लागू पडत नाही. आमच्या शेजारी युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना लॅपटॉप दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, तू याला खालून वर काढते आहेस. वड पुष्कळदा वरून खाली येतो." पाखराने टाकलेलं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात नाही तर भिंतीच्या फटीत रुजतं, तिथून मुळं जमिनीकडे सोडतं. पुढे फांद्यांवरून पारंब्या येतात, टेकतात, जाड होतात, आणि मग खोड कुठलं आणि मूळ कुठलं हे तुम्हीच ठरवा. ज्या गावाचं नावच वडावरून आलं असं सांगतात, त्या गावात जन्म काढून हे मला पन्नासाव्या वर्षी कुणी तरी सांगावं लागलं.

मग मी झाडाकडे मोजपट्टी घेऊन गेले. फाटकावरचा वॉचमन गुजराती, त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. पारंबीला तो 'वडवाई' म्हणतो. त्यानेच दाखवलं की फाटकाच्या बाजूला एकही वडवाई खाली येत नाही, टेम्पोला लागते म्हणून तो स्वतःच कापतो. आणि बाकीच्या बाजूंना? तिथे मोकळ्या लोंबणाऱ्या सगळ्या पारंब्या एकाच उंचीवर संपतात, माझ्या हाताच्या जरा वर. पोरं लोंबकळतात, जिथवर उडी पोचते तिथवरच्या तुटतात. कात्रीने झालर कापावी तशी ती ओळ झाडाभोवती फिरली आहे. टेकलेल्या पारंब्या फक्त चार, चारही पाराच्या आतल्या. पाराने त्यांना लहानपणी पोरांपासून राखलं असणार.

आणखी एक गोष्ट टेपनेच सांगितली. लिओनार्डो दा विंचीच्या वहीत एक निरीक्षण आहे: फांदी फुटते तेव्हा पोटफांद्यांची जाडी, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, एकत्र केली तर मूळ फांदीएवढी भरते. म्हणजे चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या फांदीच्या दोन सारख्या फांद्या झाल्या तर प्रत्येक वीस नव्हे, अठ्ठावीसची. निंबाला हा हिशेब लावल्यापासून त्याच्या फांद्या बाहुलीच्या हातांसारख्या दिसायच्या थांबल्या होत्या. इथे उत्तरेकडची आडवी फांदी मोजली तर उलटंच. पारंबी टेकलेल्या जागेच्या पलीकडे ती बारीक व्हायच्या ऐवजी जाड झालेली. तिला तिथून वेगळं खाणंपिणं मिळत होतं ना.

तेव्हा सॅप्लिंग सोडलं. वड तीन तुकड्यांत केला. पाराच्या वरचं खोड, साधारण दोन मीटरपर्यंत, फोटोंवरून. ढगाळ सकाळ बघून चारी बाजूंनी दीडशेच्या आसपास फोटो काढले, मेशरूम नावाच्या फुकट सॉफ्टवेअरला दिले, आणि रात्रभर कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहिला. सकाळी खोड तयार. भेगा, गाठी, खालचा गेरू-चुन्याचा पट्टा, गेल्या वटपौर्णिमेचा दोरा, सगळ्यासकट. वरची झाडोऱ्याची बाजू मात्र नुसती ढेकळं. पानं वाऱ्याने हलतात, पारंब्या बारीक, फोटो जुळत नाहीत. म्हणून मोठ्या फांद्या मी फोटो मागे ठेवून हाताने रेखल्या, बावीस. आणि पारंब्यांसाठी जॉमेट्री नोड्स, म्हणजे डबे तारेने जोडून नियम सांगायचे आणि आकार ब्लेंडरने घडवायचा.

हे नोड्स ब्लेंडरमध्ये २०२१ पासून आहेत. त्यांची मला भीती होती, कारण पडद्यावर ते वीजमंडळाच्या डीपीसारखे दिसतात. पण मनातल्या मनात मराठीत वाक्य बनवलं की जमायचं. फांदीवर वीतभर अंतराने ठिपके टाक. फांदी मनगटाहून बारीक असेल तिथले पूस. उरलेल्यांतले बरेचसे असेच कुठले तरी पूस. प्रत्येक ठिपक्यातून सरळ खाली किरण सोड आणि जमीन कुठे लागते ते सांग. तिथवर रेघ ओढ, मधे जरा डुलव. पाराच्या आत असेल आणि माझ्या यादीत असेल तर टेकव आणि जाड कर. नाही तर जमिनीपासून दोन मीटर दहावर काप. फाटकाच्या बाजूला असेल तर फांदीपासून हातभर ठेवून काप. हे शेवटचे दोन नियम कुठल्याही सॉफ्टवेअरच्या शिकवणीत सापडणार नाहीत. ते पोरांनी आणि वॉचमनने लिहिलेले आहेत. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सगळ्या पारंब्या सुट्या सुट्या, पडद्याच्या मण्यांसारख्या. परत झाडाखाली जाऊन पाहिलं तर त्या जुडग्याने येतात, पाच-सात एकत्र, आणि मग बराच वेळ काही नाही. ते घातलं तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि काहीच न करता परत आले.

पानांची कथा वेगळी. वडाची पाच-सहा पानं तोडून आणली आणि थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवली. वडाला चीक असतो हे मला माहीत होतं, पण लहानपणी जे माहीत असतं ते मोठेपणी कामाला येईलच असं नाही. पांढरा थेंब काचेवर पसरला, वाळला, आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये पानाशेजारी एक गोगलगाय उमटायला लागली. खोबरेल तेल लावून, नखाने खरवडून निघाला. त्यानंतर देठ पाण्यात बुडवून, टिपकागदावर पुसून, मगच स्कॅन. वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची फिकट, शिरा उठावदार, देठाशी तीन मुख्य शिरा पंज्यासारख्या. दोन्ही बाजू वेगळ्या लावल्या.

आधी मी पान म्हणजे एक चौकोनी पत्रा आणि त्यावर चिकटवलेलं चित्र, कडा पारदर्शक, असं केलं. सगळे तसंच करतात. रेंडर, म्हणजे पक्कं चित्र, काढलं तर डेऱ्याच्या आत काळे चौकोनी ठिपके, जणू झाडाला कीड लागली. चार दिवस मी पानाच्या चित्रातच खोट शोधत होते. कारण भलतीकडेच होतं: सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या चित्र काढणाऱ्या यंत्रणेत, एक किरण किती पारदर्शक पापुद्रे ओलांडू शकतो याला मर्यादा असते, आणि ती मुळात आठवर ठेवलेली असते. दाट झाडात किरण आठ चौकोनांच्या रिकाम्या कोपऱ्यांतून जातो, नवव्याला थकतो आणि काळं लावून मोकळा होतो. बत्तीस केलं, कीड गेली. पण वेळ दुप्पट लागायला लागला. म्हणून चौकोन सोडून पान कडेने कापूनच घेतलं.

हौसेने एका पानात तीनशे तुकडे पडले. माझ्या वडाला त्रेसष्ट हजार पानं. इन्स्टन्स म्हणून ठेवली की मशीन पान एकदाच लक्षात ठेवतं आणि बाकीच्यांची नुसती जागा टिपतं, त्यामुळे काही अडत नव्हतं. पण कुठल्याशा व्हिडिओत पाहून मी 'रिअलाइझ इन्स्टन्सेस' नावाचा नोड मधे घातला. म्हणजे सगळी पानं खरीखुरी कर. एक कोटी एकोणनव्वद लाख तुकडे, आणि माझ्याकडे सोळा जीबी रॅम. पडदा गोठला तो गोठलाच. बटण दाबून बंद करावा लागला.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. आमच्या गल्लीत गुडघ्याएवढं होतं, म्हणून सीपीयू उचलून माळ्यावर ठेवला. तीन दिवस लाइट नव्हती. पाणी ओसरल्यावर पहिली फेरी वडाकडे मारली. तो होता तसाच होता, पारावर चिखलाचा थर, आणि लोंबत्या पारंब्यांच्या टोकांना पिशव्या अडकलेल्या. फोटो काढला नाही. काढावासा वाटला नाही.

रंगाने शेवटचा महिना खाल्ला. पानातून उजेड आरपार येतो तेव्हा ते पिवळसर दिसतं, त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागते, नाही तर झाड प्लास्टिकचं होतं. प्रत्येक डहाळीला रंगात थोडा फरक. शेंड्याची कोवळी पानं तांबूस. काही पानं पोखरलेली, एखाद-दुसरं पिवळं पडलेलं. कमाटी बागेत दोन रविवार जाऊन नुसती वर बघत बसले, शेवटी शेंगवाला विचारायला आला, ताई, बरं नाही का?

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात सभा झाली, त्याच चौकात, निंबाखाली. पडदा लावला. चहा, लीलो चिवडा. इमारतीचं चित्र आलं आणि इमारतीबद्दल कुणी बोललंच नाही. काकू उठून पुढे आल्या. त्यांनी बोटाने पडद्यावर खोडाची एक खोबण दाखवली, "इथे मी हळदकुंकू ठेवते. हे बघा, इथे." मागून कुणी तरी म्हणालं, गेरूसुद्धा तसाच ओघळलाय. मला सांगता येणार नाही इतकं बरं वाटलं.

अण्णा बोलले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रस्त्याकडची ही फांदी," ते म्हणाले, "ही आता नाही. दसऱ्याच्या आधी तारेला लागत होती म्हणून कापून नेली."

मी जूनचे फोटो वापरले होते. फाटकातून मी त्यानंतर पाच-सहा वेळा तरी गेले असेन, आणि मान वर करून पाहिलं नव्हतं. म्हटलं, हरकत नाही, काढून टाकते, पाच मिनिटांचं काम आहे. यावर दोन पक्ष पडले. काकूंचं म्हणणं, नाही ती दाखवू नका, मागच्या वेळी तेच झालं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, चित्र आजचं थोडंच आहे, इमारत उभी राहायला तीन वर्षं लागणार, तोवर वड काय गप्प बसेल? अण्णांनी मान डोलावली. "बरोबर. तीन वर्षांत ती जागा फुटून येईल. पुरी नाही येणार, पण येईल. तेवढी दाखवा. तीन वर्षांत येते तेवढी."

रात्री जेवण झाल्यावर मी भाच्याला फोन लावला आणि विचारलं, ते झाड वाढवायचं सॉफ्टवेअर केवढ्याला पडतं म्हणाला होतास?